मुखदर्शन

आपल्या घरांतून माणसाच्या छायाचित्राला दोन जन्म लाभतात. पहिला, ते काढले जाते त्या क्षणी. दुसरा, ज्याचे ते चित्र असते तो माणूस जगातून निघून जातो आणि त्या चित्राला चौकट व हार मिळतो त्या दिवशी. पहिल्या जन्माच्या वेळी हसणे-खिदळणे चालू असते, कोणाला घाई असते, कोणाला पंगतीला बसायचे असते. दुसऱ्या वेळी मात्र घरातली सारी माणसे त्या कागदाच्या तुकड्याकडे अशा नजरेने पाहू लागतात, की जणू गेलेल्या माणसाचे उरलेसुरले सगळे आता त्यातच आहे. पहिल्या वेळी ज्याच्या हाती कॅमेरा होता, त्याला आपल्या हातून काय झाले आणि काय राहिले याचा हिशेब त्या दिवशी द्यावा लागतो.

आम्हांलाही हा हिशेब द्यावा लागला, आणि तो चुकला. त्याची हकीकत पुढे येईलच. परंतु नुसती हकीकत सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात माणसाचे छायाचित्र चांगले कसे काढावे हे आम्ही उशिराच्या वयात शिकू लागलो, आणि शिकता शिकता ‘चांगले’ या शब्दापाशीच अडखळलो. चांगले म्हणजे देखणे, की खरे? आणि चांगले ते कोणाच्या दृष्टीने? काढणाऱ्याच्या, पाहणाऱ्याच्या, की ज्याचा तो चेहरा आहे त्याच्या? दुसऱ्याचा चेहरा आपल्या यंत्रात भरून घरी नेण्याचा अधिकार मुळात आपल्याला कोणी दिला? आज घराघरांतून, किंबहुना खिशाखिशांतून कॅमेरा आहे. म्हणून हे प्रश्न आता थोड्या धंदेवाईक छायाचित्रकारांचे राहिलेले नाहीत. ते तुमचे-आमचे झाले आहेत.

प्रथम ती हकीकत. काही वर्षांपूर्वी वैशाखात, देवस्थानच्या वर्धापनदिनी, आम्ही सहकुटुंब फोंडे महालातल्या आमच्या कुलदैवताच्या दर्शनास गेलो होतो. हाती नवा कॅमेरा होता, आणि नव्या वस्तूबरोबर येणारी धुंदीही होती. आमची थोरली मावशी त्या वर्षी गुडघ्यांचे दुखणे बाजूला सारून आवर्जून आली होती. दर्शन आटोपून ती देवळाबाहेर चौकात आली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. चुना दिलेला दीपस्तंभ डोळे दिपवीत होता. आम्ही तिला त्याच्या पुढ्यात नेऊन उभी केली. “म्हजो फोटो कित्याक रे पुता?” असे ती म्हणाली खरी, पण लगेच पदर सारखा केला, चष्मा काढून हातात धरला आणि आम्ही सांगितले तशी उभी राहिली. दोन मिनिटांत आमचे काम उरकले. पुढे पालखी होती, तळीच्या पायऱ्या होत्या, नगारखाना होता, तोरणे होती. त्या एका दिवसात आम्ही दीडशेहून अधिक चित्रे घेतली.

त्याच वर्षी श्रावणात मावशी गेली. मावसभावाने दूरध्वनीवरून विचारले, “दादा, आईचा तुम्ही काढलेला फोटो पाठवता का? तेराव्याच्या आत मोठा करून घ्यायचा आहे.” आम्ही ती दीडशे चित्रे उघडली. मावशीची त्यांत चार होती. पहिल्या चित्रात तिचे डोळेच नव्हते. डोक्यावरच्या उन्हाने भुवयांची सावली डोळ्यांवर पडून तिथे दोन काळे खळगे झाले होते, आणि कपाळ व नाकाचा शेंडा पांढरा जळून गेला होता. दुसऱ्यात चौकातल्या झगझगाटाने तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिसऱ्यात दीपस्तंभ तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. चौथे आम्ही अगदी जवळ जाऊन घेतले होते. त्यात नाक भले मोठे आणि कान मागे पळालेले, असा तिचा चेहरा कोणा दुसऱ्याच बाईचा झाला होता. अखेर तिच्या आधार कार्डावरचे चित्र मोठे करून चौकटीत बसवावे लागले. सरकारी कचेरीत, रांगेत ताटकळून झाल्यावर काढलेला, थकलेला असा तो चेहरा आहे. पालखीचे आणि तोरणांचे फोटो मात्र आमच्याकडे उत्तम आले आहेत.

यानंतर आम्ही शिकायचे ठरवले. शिकण्याची पहिली पायरी प्रकाशाची होती. गोमंतक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पंधरा अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या प्रारंभी आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात, मध्यान्हीचा सूर्य इथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गोळा होते. मावशीला आम्ही नेमकी तीच तिथी आणि तीच घटका निवडून उभी केली होती. माणसाच्या चेहऱ्यावर वरून पडणारे कडक ऊन सर्वांत निष्ठुर. सकाळी सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचा तितकाच वेळ ऊन तिरपे व कोवळे असते, आणि ते डोळ्यांत शिरते. आषाढातले ढगाळ आभाळ तर नवशिक्याचा मित्रच म्हणावे. सारे आकाश एका मोठ्या पांढऱ्या पडद्यासारखे होऊन प्रकाश सर्व बाजूंनी मऊपणे येतो आणि सावल्या विरघळतात.

पण वेळ आपल्या हाती नसेल, भर दुपारीच कोणी भेटले असेल, तर? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देवळानेच दिले. सभामंडपाच्या कडेला, ऊन जिथे संपते तिथून दोन-तीन हात आत माणसाला उभे करावे आणि त्याचे तोंड बाहेर चौकाकडे असावे. डोक्यावर छप्पर असल्याने वरचे ऊन अडते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून आणि फरशीवरून उसळून आलेला प्रकाश चेहऱ्यावर खालून व समोरून पसरतो. डोळ्यांत एक बारीक तेजाचा ठिपका उमटतो. आणि मागे मंडपाचा अंधार राहतो. असे पहिले चित्र जमले तेव्हा ते आम्हांला ओळखीचे वाटले. गाभाऱ्याच्या अंधारात समईच्या उजेडाने तेवढे मुख उजळलेले आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. समोर पांढरी भिंत नसेल तर कोणाकडून तरी एक धुतलेला पांढरा पंचा छातीच्या खालच्या बाजूस आडवा धरवावा. तो तेच काम करतो. झाडाची सावली मात्र पारखून घ्यावी. पिंपळाखाली चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडून तो ठिपक्या-ठिपक्यांचा होतो, आणि कुळागरात पोफळीच्या पानांतून झिरपणारा प्रकाश माणसाला हिरवट छटा देतो.

दुसरी पायरी अंतराची. जवळून पाहिले की जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते. चेहऱ्यात नाक जवळ असते आणि कान दूर. खिशातल्या दूरध्वनीचे नेहमीचे भिंग रुंद क्षेत्र पाहणारे असते, त्यामुळे चेहऱ्याने चौकट भरावी म्हणून आपण नकळत हातभर अंतरावर जातो आणि चेहरा विद्रूप करून बसतो. उपाय सोपा आहे. सहा-सात फूट मागे सरावे आणि मग भिंगाने चित्र जवळ आणावे. कॅमेरा वेगळा असेल तर पंच्याऐंशी ते शंभर मिलिमीटरच्या आसपासचे भिंग यासाठी पुष्कळ काळापासून रूढ आहे. भिंगाचे द्वार मोठे उघडले, म्हणजे त्याचा आकडा २.८ किंवा ४ असा लहान ठेवला, की मागची गर्दी धूसर होते. नेम धरावा तो जवळच्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचा थोडा अस्पष्टपणा खपून जातो, डोळा अस्पष्ट असेल तर काहीच खपत नाही. आणि कळ दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून नजर फिरवून डोक्यातून खांब तर उगवत नाही ना, हे पाहून घ्यावे.

हे सारे दोन-चार रविवारांत शिकता येते. शिकता शिकता आमच्या लक्षात एक गोष्ट आली. उन्हात उभे करू नये, अंगावर चढून जाऊ नये, डोळ्यांकडे पाहावे, मागे काय आहे याचे भान ठेवावे: हे यंत्रविद्येचे नियम म्हणून आम्हांला सांगितले गेले, पण दारी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाशी कसे वागावे हे आईने शिकवले तेही याहून निराळे नव्हते. मावशीला आम्ही वैशाखाच्या उन्हात उभे केले ही छायाचित्रणातली चूक होती हे खरे. त्याआधी ती साध्या वागणुकीतली चूक होती. घरी आलेल्या मावशीला आम्ही अंगणात उन्हात बसवले असते काय? हाती कॅमेरा आला आणि समोर मावशी न दिसता ‘विषय’ दिसू लागला, एवढेच.

नवशिक्याने खचून जाऊ नये म्हणून इथे दोन गोष्टी सांगणे अवश्य वाटते. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने आपल्या कुटुंबाच्या दिव्यांच्या दुकानामागील उघड्या जागेत स्वतःचेच चित्र घेतले. आज उपलब्ध असलेल्या अगदी आरंभीच्या व्यक्तिचित्रांत त्याची गणना होते. त्या काळच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला इतका उजेड लागे, की घरात बसून काम भागत नसे. कित्येक मिनिटे न हलता उन्हात बसावे लागे. चित्रात त्याचे केस विस्कटलेले आहेत आणि चेहरा मधोमध नसून एका बाजूला सरकला आहे. म्हणजे माणसाच्या छायाचित्राचा आरंभ उघड्यावर झाला, आणि तो एका नवशिक्याच्या हातून झाला. विशेष हे की जी शिक्षा पुढे शेकडो लोकांना यंत्रापुढे निश्चल बसून भोगावी लागली, ती त्याने प्रथम स्वतः भोगली.

दुसरी गोष्ट इंदूर आणि हैदराबाद इथल्या आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. लाला दीनदयाळ हे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या नोकरीस लागले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो तिशीच्या सुमारास, हौसेखातर. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८५ च्या सुमारास त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमले. त्यांनी राजवाडे, लष्करी कवायती आणि शिकारीची चित्रे घेतली, ती प्रसिद्धच आहेत. आम्हांला त्यांची एक वेगळीच कृती मोठी वाटते. १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र छायाचित्रगृह उघडले, आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज स्त्रीच्या हाती सोपवली. निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराला मोठमोठ्या घरांची दारे उघडी होती. तरीही ज्या चेहऱ्यावर आपल्या नजरेचा अधिकार नाही तिथे आपण बाजूला व्हावे, हे त्यांनी ओळखले. यात धंद्याची दृष्टी नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण धंद्याच्या दृष्टीलाही मर्यादेची जाण असू शकते, एवढे यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या पुष्कळ देवळांतून गाभाऱ्यात छायाचित्र घेण्यास मनाई असते. दाराशी तशी पाटी असते, आणि आपण ती निमूटपणे पाळतो. मूर्तीला कॅमेऱ्याने इजा होते अशी कोणाची समजूत नाही. तिथे आपण दर्शन घ्यायला गेलेलो असतो, आणि दर्शन ही देवाने द्यायची गोष्ट आहे असे आपण मानतो, म्हणून तिथे हात आपोआप आवरतो. पण उंबरठा ओलांडून चौकात आलो की हाच हात मोकाट सुटतो. पायरीवर बसलेली म्हातारी, ओल्या सोवळ्याने प्रदक्षिणा घालणारा भाविक, दाराशी वाडगा घेऊन बसलेला आंधळा, यांच्यासाठी कुठे पाटी लावलेली नसते. घटाघटांत देव आहे हे कीर्तनात ऐकून मान डोलावणारे आपण, पाषाणातल्या देवाची परवानगी मानतो आणि हाडामांसाच्या देवाला विचारीतही नाही. ही विसंगती एकदा ध्यानी आली, की ती मनातून जाता जात नाही.

आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. एका देवळाच्या पायरीवर भीक मागणारा एक वृद्ध बसत असे. चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, तिरप्या उन्हात चमकणारी पांढरी दाढी. आम्ही त्याचे चित्र घेतले. प्रकाश उत्तम, अंतर उत्तम, डोळा स्पष्ट. ज्याने त्याने वाखाणले. एका गृहस्थांनी सहज विचारले, “कोण हो हे?” आम्हांला नाव सांगता येईना. त्या वृद्धाने नकार दिला नव्हता हे खरे. पण जो दिवसभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहून बसलेला आहे, त्याच्या न बोलण्याला होकार म्हणायचे काय? नवशिक्याची नजर अशा चेहऱ्यांकडे फार लवकर वळते, त्याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हे. ते चेहरे नाही म्हणू शकत नाहीत, हे त्याचे खरे कारण आहे. वकिलाच्या किंवा डॉक्टरांच्या सुरकुत्या टिपायला आम्ही कधी न विचारता धावलो नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. विचारले की माणूस सावध होतो, मान ताठ करतो, ओठ आवळतो. मग जे मिळते ते त्याचे सोंग. न विचारता घेतले तर त्याचा खरा चेहरा हाती लागतो. सत्य हवे असेल तर थोडी चोरी पत्करली पाहिजे, असे या मताचे लोक म्हणतात. आम्ही हे मत बरेच दिवस बाळगले होते. अनुभवाअंती आम्हांला त्यात दोन चुका दिसल्या. माणूस एकटा असतानाच खरा असतो आणि दुसऱ्याकडे पाहताना खोटा होतो, हे गृहीतकच संशयास्पद आहे. आई मुलाकडे पाहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येते, ते मूल समोर नसताना येत नाही. म्हणून ते खोटे म्हणता येईल काय? दुसरी चूक अशी की विचारल्यावर येणारा ताठरपणा हा काही शेवट नव्हे. तो पाच-दहा मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ कॅमेरा खाली ठेवून गावाची, शेताची, यंदाच्या पावसाची चौकशी करायची असते. बोलता बोलता माणूस पुन्हा आपल्या जागी येतो. मग जो चेहरा समोर येतो तो त्याने आपल्याला दिलेला असतो. चोरून घेतलेल्या चित्रात माणूस दिसतो, पण आपल्याकडे पाहत नाही. हा फरक बारीक असला, तरी भिंतीवर वीस वर्षे लावायच्या चित्रात तो रोज जाणवतो.

राहता राहिला सत्य आणि प्रिय यांचा जुना तंटा. सावलीत उभे करणे, पंचा धरून डोळ्यांखालची काळोखी उजळणे, ही सुद्धा एक प्रकारची लबाडीच नव्हे काय, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. आम्हांला तसे वाटत नाही. दुपारच्या उन्हातला काळ्या खळग्यांचा चेहरा हा सकाळच्या चेहऱ्याहून अधिक सत्य आहे, असे कोण म्हणेल? मावशीला आम्ही जन्मभर ओळखत होतो ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ओसरीवर, दिवेलागणीला तुळशीपाशी. म्हणजे मऊ उजेडातच. देवाला आपण रोज वस्त्रे नेसवतो, फुले वाहतो, गंध लावतो. त्याला कोणी असत्य म्हणत नाही. परंतु सजवणारा पुजारी हातात छिन्नी घेऊन मूर्तीचे नाक सरळ करू लागला, तर गाव त्याला क्षमा करणार नाही. प्रकाश निवडणे ही पूजा झाली; चेहराच बदलणे ही छिन्नी झाली.

आणि ही छिन्नी आता यंत्रात बसवूनच मिळते. अनेक दूरध्वनींचे कॅमेरे, कोणी न सांगता, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसतात, गाल गुळगुळीत करतात आणि वर्ण उजळवतात. उजळपणाचा हा पक्षपात जुना आहे. गेल्या शतकाच्या मध्यास रंगीत चित्रांच्या छपाईतली रंगांची जुळणी तपासण्यासाठी कोडॅक कंपनीची जी नमुनापत्रे प्रयोगशाळांतून वापरली जात, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. तिची कांती बरोबर उमटली की यंत्र बरोबर, असा हिशेब होता. आजच्या कॅमेऱ्यातला प्रकाशमापकही समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या तेजाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे चुन्याच्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा तो विनाकारण काळवंडून टाकतो. तिथे प्रकाश एक स्टॉप वाढवावा लागतो. मंडपाच्या अंधारापुढे उलट घडते; तिथे मोजमाप चेहऱ्यावरच धरावे लागते. हे करणे म्हणजे सावळ्याला गोरे करणे नव्हे. सावळ्याला सावळे दिसू देणे, त्याच्या कांतीतले तेज नाहीसे होऊ न देणे, एवढाच याचा अर्थ. ज्या विठ्ठलाला आपण त्याच्या सावळेपणावरूनच आळवतो, त्याच्या भक्तांनी आपल्या आईचा फोटो यंत्राकडून गोरा करून घ्यावा, याला काय म्हणावे? आमच्या पाहण्यातल्या एका घरी असे एक चित्र भिंतीवर आहे. आजीच्या सुरकुत्या आणि गालावरचा तीळ दोन्ही गेले आहेत. धाकटा नातू ते चित्र पाहून विचारतो, “ही कोण?”

तेव्हा ‘चांगले’ म्हणजे काय, याचे आम्हांला सापडलेले उत्तर असे: ज्याचे चित्र आहे त्याला ते लपवावेसे वाटू नये, आणि ज्यांनी त्याच्यावर प्रेम केले त्यांना त्यात तो ओळखू यावा. या दोन कसोट्या एकमेकींना धरून ठेवतात. पहिली नसेल तर खरेपणाच्या नावाखाली क्रौर्य शिरते. दुसरी नसेल तर गोडपणाच्या नावाखाली असत्य शिरते. काढणाऱ्याच्या कौतुकाला या व्याख्येत जागा नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. ती आम्ही जाणूनबुजून ठेवलेली नाही.

यातून एक नियम आम्ही स्वतःपुरता घालून घेतला आहे. विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, घेतल्यावर दाखवायचे, नको म्हटले तर त्यांच्यादेखत पुसायचे, आणि हवे म्हटले तर कागदावर छापून नेऊन द्यायचे. यामुळे कित्येक उत्तम चित्रे आमच्या हातून निसटली. एकदा देवळाच्या दाराशी आबोलीचे वळेसर विकणाऱ्या एका बाईंना आम्ही विचारले. सकाळचे ऊन त्यांच्या टोपलीवर असे काही पडले होते, की पूर्वीचे आम्ही असतो तर विचारण्यात वेळ दवडला नसता. त्या म्हणाल्या, “आज नाका. फाल्यां यो.” आम्ही कॅमेरा पिशवीत घातला. मनात थोडी चडफड झालीच. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले होते. ते ऊन नव्हते. पण बाई ठेवणीतले लुगडे नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, आपल्याच टोपलीतला वळेसर माळून बसल्या होत्या. सभामंडपाच्या कडेला त्या उभ्या राहिल्या. पाचेक मिनिटे त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या गोष्टी झाल्या, आणि मग आम्ही तीनच चित्रे घेतली.

पुढच्या खेपेस त्यांतले एक कागदावर छापून नेले. त्यांनी हात लुगड्याला पुसून ते घेतले, उजेडात धरले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हांव म्हजे आवयभशेन दिसतां.” त्यांच्या आईचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता, असे मागाहून कळले. आम्ही जे चित्र मनात धरून पहिल्या दिवशी त्यांच्यापाशी गेलो होतो, त्यात ऊन होते, टोपली होती, रंग होते. ही आई त्यात आली असती असे वाटत नाही. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून आणली होती.

मावशीच्या घरी आम्ही अजून जातो. ओसरीवरच्या भिंतीला तोच आधार कार्डावरचा चेहरा आहे, त्याला रोज ताजे फूल असते. वहिनी चहा आणतात, मावसभाऊ शेजारी बसतो; त्या फोटोविषयी कोणी काही बोलत नाही. गेल्या खेपेस निघताना मावसभाऊ म्हणाला, “दादा, एकदा सवडीने या आणि आम्हां दोघांचे फोटो काढून ठेवा. सकाळच्या उजेडात.”

आम्ही होय म्हटले आहे.